हानलेचा काळोख

लेहच्या विरळ हवेची सवय झाल्यावर ऑक्टोबरातली अमावास्या साधून आम्ही हानलेकडे निघालो. उपशीपासून सिंधू रस्त्याला बिलगून असते. चुमाथांगला तिच्या काठावर गरम पाण्याचे झरे वाफाळतात. न्योमा मागे टाकून लोमाचा पूल ओलांडला की तिची साथ सुटते आणि क्यांग म्हणजे रानगाढवं चरत असलेली पिवळी माळरानं सुरू होतात. लेहपासून अडीचशेएक किलोमीटरवर, टेकडीवरचा सतराव्या शतकातला गोंपा दिसला की हानले आलं.

होमस्टेच्या अमा-लेंनी चहाच्या आधी खिडक्यांचे जाड पडदे दाखवले. अंधार पडला की ते ओढायचे. अंगणात पांढरी बॅटरी नको, लाल चालेल. हा परिसर 2022 मध्ये काळोखासाठी राखीव झाला. गावातल्या काही जणांना दुर्बिणी आणि प्रशिक्षण मिळालं, त्यामुळे शेळ्या-मेंढ्यांच्या जोडीला आता आकाश दाखवण्याचीही कमाई आहे.

संधिप्रकाश सरल्यावर ट्रायपॉड मांडला. पृथ्वी फिरत असल्याने शटर मिनिटभर उघडं राहिलं तरी ताऱ्यांच्या रेघा उमटतात. ट्रॅकर कॅमेऱ्याला ताऱ्यांच्याच चालीने फिरवत नेतो, मात्र त्याचा अक्ष नेमका खगोलीय ध्रुवाकडे लागतो. गोष्टीतला अढळ ध्रुवतारासुद्धा त्या बिंदूपासून अर्ध्या अंशाहून अधिक बाजूला आहे, हे हिशेबात धरावं लागतं. थंडीने बोटं वाकेनात. बॅटऱ्या पटकन उतरतात, म्हणून जादाच्या बॅटऱ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या होत्या. कॅमेऱ्याच्या सेन्सरला मात्र गारठा मानवतो, चित्रातली खरखर कमी होते.

देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना पुसट डागासारखी दिसत होती. दोन-दोन मिनिटांच्या चित्रांत तिची तिरकी तबकडी उमटली, चंद्राच्या सहापट लांब. डोळा क्षणाक्षणाचा प्रकाश वापरून सोडून देतो, कॅमेरा तो साठवत राहतो. हेन्री ड्रेपर यांनी 1880 मध्ये मृगातल्या तेजोमेघाचं पहिलं छायाचित्र घेतलं, तेव्हा छायाचित्रणाची काच 51 मिनिटं उघडी ठेवली होती. याच देवयानीच्या 1923 मधल्या एका काचेवर एडविन हबल यांना रूपविकारी तारा सापडला. त्यावरून कळलं, की हा आपल्या आकाशगंगेतला ढग नसून बाहेरची स्वतंत्र दीर्घिका आहे. तिचा प्रकाश इथवर यायला सुमारे 25 लाख वर्षं लागतात.

क्षितिजाजवळच्या चित्रांत हिरवट पट्टे आले. लेन्स पुसली तरी ते तसेच! साधारण शंभर किलोमीटर उंचीवरचे ऑक्सिजनचे अणू रात्रीही मंद उजळतात, त्याची ती छटा. शहरी उजेड नसला की आकाशाचा स्वतःचा उजेड दिसू लागतो.

सकाळी साडेचार हजार मीटर उंचीवरच्या वेधशाळेत गेलो. तिथली दोन मीटर व्यासाची हिमालयीन चंद्रा दुर्बीण उपग्रहामार्फत बेंगळुरूजवळच्या होस्कोटेहून चालवतात. खाली 2024 मध्ये उद्घाटन झालेली मेस दुर्बीण आहे, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली. तिचा आरसा 21 मीटरचा. गॅमा किरण वातावरणावर आदळले की काही नॅनोसेकंद निळसर चमक उठते, ती टिपणं हे तिचं काम. मी रात्रभर प्रकाश साठवत बसलो होतो, ही इतक्या निमिषमात्र उजेडासाठी टपलेली.

दुर्बीण दुरून चालवता येते, काळोख मात्र जागेवरच राखावा लागतो. पुण्यातल्या गच्चीवर हाच कॅमेरा अर्ध्या मिनिटात नारिंगी आकाश दाखवतो. आपल्याकडे पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ ही मान्यता मिळाली, त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले गेले. तिथे हानलेची उंची नाही आणि कोरडी हवाही नाही. तरी पुढच्या हिवाळ्यातल्या एका अमावास्येला ट्रायपॉड तिथेच उभा करायचा, असं लेहच्या परतीच्या वाटेवरच ठरवलं.