स्लो ग्रोथवाला हीरो

डोंगरातलं झाड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांना मनालीच्या ट्रिपचे फोटो आठवतात. बर्फ, धुकं आणि त्यात उभे असलेले उंच, निमुळते स्प्रूस. हिमाचलात त्यांना 'राई' म्हणतात. झाड देखणं आहे, प्रश्नच नाही. उतरत्या फांद्यांवरून बर्फ घसरून जातो, सुईसारख्या पानांमुळे पाणी कमी उडतं. थंडीत टिकण्याचा त्याचा फंडा एकदम क्लिअर!

पण मी पडले पिंप्राळ्याची. म्हणजे जळगावचीच म्हणा ना. आमच्याकडे बर्फ फक्त गोळेवाल्याकडे. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा उन्हात उत्तरेकडच्या सातपुड्यात एक झाड मस्त उभं असतं. त्याचं नाव अंजन. (सह्याद्रीत जांभळ्या-निळ्या फुलांनी बहरते ती अंजनी वेगळी, बरं का!)

अंजन चिंचेच्या कुळातला. पान ओळखायला सोप्पं, दोन पानं देठाशी जोडलेली, जणू पंख उघडून बसलेलं फुलपाखरू. यावल अभयारण्यात, पालच्या बाजूला गेलात तर साग आणि सालईच्या सोबतीला तो दिसेल. जिथे माती कमी आणि दगड जास्त, तिथेही तो तग धरतो. उन्हाळ्याच्या तोंडावर जुनी पानं टाकतो आणि एप्रिलच्या रणरणत्या उन्हात लालसर कोवळी पालवी मिरवतो. स्टाइल आहे की नाही? लाकूड तर भारतातल्या सगळ्यात टणक आणि जड लाकडांपैकी एक.

हे सगळं जमतं कसं? मुळामुळे. बी रुजलं की अंजन आधी खाली जातो. सोटमूळ खोल ओल शोधत राहतं आणि वर मात्र इवलंसं रोप. बघणाऱ्याला वाटतं, झाड वाढतच नाहीये. आपल्या अप्रेझलमध्ये असा एम्प्लॉयी पहिल्याच वर्षी 'नो ग्रोथ' म्हणून बाहेर!

जंगलातही त्याचं हेच होतं. पाला गुरं आवडीने खातात, त्यामुळे मोठ्या झाडांच्या फांद्या छाटल्या जातात आणि छोटी रोपं चरली जातात. वणवा आला की उरलेलीही जातात. म्हातारी झाडं उभी दिसतात, म्हणून आपल्याला जंगल ठीकठाक वाटतं. पण त्यांची जागा घेणारं कुणी खाली उभं आहे का, ते वाकून बघावं लागतं.

आमच्या घरामागच्या मुरमाड जागेत दोन वर्षांपूर्वी आम्ही अंजनाचं एक रोप लावलं. ते अजून गुडघ्याएवढंही नाही. शेजारच्या काकू आईला विचारतात, "काय हो, यापेक्षा गुलमोहर नसता का लावला?" पॉइंट आहे. गुलमोहराने एव्हाना छत गाठलं असतं.

पप्पा ६४ वर्षांचे आहेत. या झाडाच्या सावलीत त्यांना खुर्ची टाकता येईल का? बहुधा नाही. हे मी त्यांना कधी बोलले नाही, पण त्यांना कळतंच. गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा रोपाभोवती नवी जाळी दिसली. आधीचं काटेरी कुंपण बकऱ्यांनी पाडलं होतं. पप्पांनी बाजारातून चांगली जाड जाळी आणली, स्वतः खांब पुरले आणि मला म्हणाले, "दहा वर्षं तरी टिकेल."