दोघींपुरतं छप्पर
(रोजनिशीतील पाने)

9 फेब्रुवारी
आई ऑगस्टमध्ये नाशिकहून येतेय. तिला लेक सुपीरियर दाखवायचाय, आणि तोही हॉटेलच्या खिडकीतून नाही. इथे डेट्रॉइटजवळून गाडीनं उत्तरेला जायचं, पिक्चर्ड रॉक्सच्या किनाऱ्यावर मुक्काम करायचा आणि लाटांचा आवाज ऐकत झोपायचं. तंबूत जमिनीवरून उठणं तिच्या गुडघ्यांना झेपणार नाही, आणि मोठा कॅराव्हॅन माझी गाडी ओढू शकत नाही. तेव्हा गॅरेजमध्ये स्वतःच छोटा ट्रेलर बांधायचा. आत फक्त निजायचं. स्वयंपाक मागचं झाकण उचलून बाहेर उभ्यानं. थेंबाच्या आकाराचे असे ट्रेलर अमेरिकेतले लोक 1930 च्या दशकापासून घरी बांधत आले आहेत. 1947 साली मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड मासिकानं दोघांच्या ट्रेलरचा आराखडाच छापला होता. बर्फ वितळेपर्यंत माझा आराखडा कागदावर पुरा व्हायला हवा.

17 फेब्रुवारी
इथे प्लायवूड असो की फोम, शीट मिळते ती 4 बाय 8 फुटांची. त्यामुळे एक बाजू एका शीटमधून निघाली पाहिजे, म्हणजे लांबी 96 इंच आणि उंची 48. गॅरेजच्या फरशीवर चिकटपट्टीनं तेवढी जागा आखली आणि आत आडवी झाले. उशी धरून मला 74 इंच लागतात. स्वयंपाकघराला उरले 22.

उंचीचा हिशेब बसून केला. बैठकीपासून टाळूपर्यंत 35 इंच, गादी 4, केस आणि हालचाल यांना 2. म्हणजे आत 41 हवेत. फरशी आणि छताची जाडी वजा करूनही 48 मध्ये ते बसतात. पाठ ताठ ठेवून बसता आलं पाहिजे, हे मी कशाच्याही बदल्यात सोडणार नाही. पावसात अडकलेल्या दिवशी तोच आपला दिवाणखाना असतो.

24 फेब्रुवारी
आईला फोनवर सांगितलं, तुझ्या नेहमीच्या खुर्चीची उंची मोज. शिवणाची टेप शोधून तिनं मोजली. साडेसतरा. म्हणाली, "अगं, मला शिडी लावून चढवू नकोस म्हणजे झालं."

माझ्या आराखड्यात जमिनीपासून गादीपर्यंत 22 इंच येतात. गुडघे दुखणाऱ्याला जरा उंच बैठकच बरी. उठताना जोर कमी लागतो. पण तिनं आधी काठावर बसायचं आणि मग पाय आत घ्यायचे, तर दार कमरेच्या जागी हवं. पुढून 20 ते 46 इंच, एवढ्यात दार. चाक 48 वर सुरू होतं. दोन इंचांनी जमलं! दाराच्या आत वरच्या कडेला धरायला लाकडी दांडा बसवायचा, आणि तो नुसत्या भिंतीत नाही, दाराच्या चौकटीच्या लाकडात पक्का.

8 मार्च
आज भिंतीचं ठरलं. पाऊण इंची प्लायवूडची एक शीट साठ-सत्तर पौंडांची. 2 इंची निळ्या फोमची तेवढीच शीट दहाएक पौंड, आणि थंडीही अडवते. त्यावर सुती कॅनव्हास लाकडाच्या पाणीरोधक गोंदानं चिकटवायचा आणि वरून बाहेरच्या भिंतींचा रंग द्यायचा.

तुकड्यावर करून पाहिलं. गोंद पाण्यानं थोडा पातळ केला, ब्रशनं फोमला लावला, कापड टाकून तळहातानं मधून कडेकडे दाबत नेलं. गोंद विणीतून वर आला की कापड गडद होतं. जिथे फिकट राहतं तिथे हवा अडकलेली असते. वाळल्यावर बोटांनी ठोकलं तर पुठ्ठ्यासारखा पोकळ आवाज न येता टणक आवाज आला. दुसऱ्या तुकड्यावर मुद्दाम ॲसिटोनचा थेंब टाकला आणि फोम डोळ्यांदेखत खड्डा पडून विरघळला. म्हणून कुठलाही गोंद किंवा रंग आधी तुकड्यावर, मगच भिंतीवर.

आत 54 इंच रुंद गादी, दोन्हीकडे 2 इंची भिंत. बाहेरून रुंदी 58.

22 मार्च
आजचं पान सगळ्यात महत्त्वाचं. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार गाडीच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, पडला पाहिजे. तो कमी पडला, मागे वजन जास्त झालं, तर हमरस्त्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि गाडीलाही ओढतो.

हिचपासून एक्सल, म्हणजे चाकांचा आस, 100 इंचांवर धरला. पाण्याशिवाय एकूण वजन 800 पौंड, त्याचा मध्य एक्सलच्या 12 इंच पुढे. हिचवर 96 पौंड, म्हणजे बरोबर 12 टक्के. मग पाच गॅलनचं पाण्याचं भांडं मागच्या स्वयंपाकघरात ठेवून पाहिलं. पाणी 42 पौंड, एक्सलच्या 30 इंच मागे. हिचवरचे साडेबारा पौंड उचलले गेले आणि एकूण वजन वाढलं. टक्का दहाच्या खाली! एका भांड्यानं.

ते अगदी पुढे नेलं तर उलट टोक. शिवाय पाणी संपत जाईल तसा तोल रोज बदलणार. म्हणून नियम केला: प्रवासात ज्याचं वजन बदलतं, ते एक्सलजवळ. पाण्याची चपटी टाकी फरशीखाली एक्सलपाशी, तिथून नळी मागे ओट्याला. बॅटरीचं वजन बदलत नाही, ती पुढे.

5 एप्रिल
हवा. दोघींच्या श्वासातली वाफ रात्रभर थंड भिंतींवर जमते. छताला 14 इंची झडप, तीत छोटा पंखा. समोरच्या भिंतीत खाली जाळी, म्हणजे हवा आरपार फिरेल. प्रोपेन हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडर बाहेर. शेगडी आत कधीच नाही, कितीही गारठा असला तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा गजर उशाशी लावायचा.

19 एप्रिल
आराखडा पुरा झाला. टेबल नाही, सिंक नाही, आत शौचालय नाही. मुक्कामाच्या जागी ते असतंच. काय वगळायचं याची चिंता सुरुवातीला फार होती. आता दिसतंय की लहान ट्रेलर लहान होतो तो दोन गोष्टींनी: माणसाच्या अंगाचं माप आणि प्रत्येक वजनाची नेमकी जागा. ही दोन पक्की झाली की बाकीचं आपोआप गळून पडतं, आणि त्याची हळहळ वाटत नाही.

ट्रेलरच्या तळाच्या पोलादी चौकटीला भोकं पाडण्याआधी सगळं सामान ठेवून हिचखाली वजनकाटा लावणार. कागदावरचे 12 टक्के काट्यावरही आले, की मगच एक्सल कायमचा बसवायचा.