दोन पॅट्रिक

माझी सून आयरिश वंशाची. जन्म, शिक्षण, नोकरी सगळं बॉस्टनचं, पण तिचे पणजोबा कॉर्क काउंटीतल्या स्किबरीनजवळच्या एका खेड्यातून बोटीत बसून आलेले. नातवाला शाळेसाठी कुळाचं झाड काढायचं होतं. सून म्हणाली, "आई, तुम्हाला दुपारी वेळ असतो ना, बघता का जरा?" झालं, निवृत्त मास्तरीणबाईंना काम मिळालं!

आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्म-मृत्यू-लग्नांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनेचे कागद जवळजवळ सगळे गेले. काही १९२२ साली डब्लिनच्या दफ्तरखान्याच्या आगीत, काही सरकारनेच रद्दीत काढले. या नोंदवह्या मात्र वाचल्या, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मांची पानं आता घरबसल्या फुकट बघता येतात. तारखांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये एवढंच. नोंदीला उशीर झाला की दंड, म्हणून लोक बाळाची तारीख पुढे सरकवून सांगत. मला हसू आलं. मी स्वतः किती मुलांना १ जून हा वाढदिवस बहाल केलाय!

पणजोबांचं नाव पॅट्रिक. आडनाव सांगत नाही, पण त्या भागात त्या नावाचे ढिगाने सापडतात. उपयोगी पडलं ते त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. जन्मनोंदीत त्याची जागा असतेच. (आमच्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, एकाही बाईचं माहेर नाही. असो.) आईबाप जुळले, गाव जुळलं. साल १८७४. सुनेने आनंदाने तारीख झाडावर लिहून टाकली.

चार दिवसांनी पुन्हा तेच आईबाप, तेच गाव, तेच नाव. साल मात्र १८७७. म्हटलं, कारकुनाची चूक असेल. मग शंका आली आणि मृत्यूची नोंदवही उघडली. त्यात आईबापांचे रकाने नसतात. वय, गाव आणि खबर देणारा, यांवरून जुळवायचं. १८७५. पॅट्रिक, वय दहा महिने, मजुराचा मुलगा, डांग्या खोकला, डॉक्टरचा दाखला नाही. खबर देणारी तीच आई, मृत्यूच्या वेळी हजर. सहीच्या जागी फुली.

पहिला गेला आणि पुढच्याला त्याचंच नाव ठेवलं. तिकडे असं पुष्कळ घरांत होत असे.

ती फुली मी मोठी करून बराच वेळ बघत बसले. माझ्या आधी आमच्या घरी एक मुलगी झाली होती, असं आई एकदाच बोलली होती. तांदूळ निवडता निवडता. मी तेव्हा नाव विचारलं नाही, आणि आता सांगायला कुणी उरलेलं नाही. आमच्याकडे तिची फुलीसुद्धा नाही.

रात्री सुनेला फोनवर सगळं सांगितलं. ती गप्प झाली. मागून नातवाचा आवाज आला, "मग आजी, ती १८७४ची तारीख खोडू का?"

म्हटलं, "खोडू नको रे. शेजारी अजून एक फांदी काढ."