समईची वात आणि आकाशांतील तारे

आमची आजी सायंकाळीं देवापुढें समई लावी, तेव्हां वात नेहमीं बारीक ठेवी. "मोठ्या वातीला तेल पुरत नाहीं, बाळ," असें ती म्हणे. गेल्या मार्गशीर्षांत ती आम्हांस सोडून गेली. पुढें पौषांतील एका रात्रीं अंगणांत बसलों असतां धाकट्या भावानें विचारिलें, "दादा, आजी तारा झाली ना? मग ती आतां कधींच विझणार नाहीं ना?"

होय म्हणणें सोपें होतें. परंतु तें खरें नव्हतें. मीं त्यास मृगाजवळील तेजस्वी व्याध दाखविला. त्याला एक सोबती आहे. १८६२ सालीं तो दुर्बिणींतून प्रथम दिसला. एके काळीं त्या दोघांत तोच थोर होता; त्याचें वस्तुमान सूर्याच्या सुमारें पांचपट होतें. म्हणूनच त्याचें इंधन आधीं सरलें. बाहेरील थर अवकाशांत विरले, आणि आतां पृथ्वीएवढा श्वेत बटू तेवढा हळूहळू निवत आहे. सुमारें ५०० कोटी वर्षांनीं आपला सूर्यही त्याच वाटेनें जाईल. सर्वांत लहान तांबडे तारे मात्र मोठे काटकसरी. ते लक्ष कोटी वर्षांहूनही अधिक तेवतील. विश्वाचें वयच सुमारें १३८० कोटी वर्षें. त्यामुळें त्यांतील एकही अद्याप विझलेला नाहीं.

१९३० सालीं मुंबईहून बोटीनें इंग्लंडास जातांना सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर या एकोणीस वर्षांच्या तरुणानें गणितानें ताडिलें कीं, श्वेत बटूच्या वस्तुमानास मर्यादा आहे. आजच्या गणनेनें ती सूर्याच्या सुमारें १.४ पट होय. थोर ताऱ्याचा गाभा तिच्यापलीकडे गेला, कीं स्वतःच्याच भारानें कोसळतो. तारा बहुधा स्फोटानें फुटतो, आणि मागें न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर उरतें. मृगाच्या चार पायांपैकीं एक, तो तांबूस काक्षी, अशाच अंताच्या वाटेवर आहे. चंद्रशेखरांना १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

"म्हणजे सारेच विझतात?" भावाचा आवाज कांपत होता.

"विझतात," मीं म्हटलें, "पण कांहीं मागें ठेवून जातात. तुझ्या रक्तांतील लोह पूर्वीं फुटलेल्या ताऱ्यांनींच घडविलें आहे."

तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग उठून देवघरांत गेला, आणि आजी करीत असे तशी समईची वात जपून मागें सारूं लागला.