बंपर बदलायचा की दुरुस्त करायचा?



यावेळी विषय स्वयंपाकघरातला नाही, पार्किंगमधला आहे. गेल्या महिन्यात मुलाच्या गाडीचा पुढचा बंपर फुटला. गाडी जर्मन, सहा वर्षांची, आणि घरात तिचे लाड नातवापेक्षा जास्त. पौड रोडला लागताना उलट्या दिशेने आलेला एक डिलिव्हरीचा मुलगा स्कूटरसकट डाव्या कोपऱ्यावर आदळला. त्याचा गुडघा खरचटला, आमच्या बंपरला वीतभर चीर पडली आणि पार्किंगचा सेन्सर आत लोंबकळायला लागला. मुलाने त्याचं लायसन्स ठेवून घेतलं, ‘पैसे आण आणि घेऊन जा’ म्हणाला आणि घरी आला.

दुसऱ्या दिवशी शोरूमच्या वर्कशॉपचं एस्टिमेट आलं. १,३२,००० रुपये! त्यात सुटे भाग १,००,०००, रंग आणि मजुरी ३२,०००.

मुलगा म्हणाला, “आई, इन्शुरन्स आहे ना.” मी बीकॉम झाले त्याला चाळीस वर्षं झाली, पण वही-पेन घेऊन बसायची सवय गेलेली नाही. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून हिशोब सविस्तर लिहिते.

प्लास्टिकच्या भागांवर विमा कंपनी सरसकट ५० टक्के घसारा कापते. ‘झिरो डेप’ घेतलेलं असेल तर कापत नाही, पण सहा वर्षांच्या आमच्या गाडीला ते मिळालं नव्हतं. म्हणजे लाखाचे पन्नास हजार झाले. रंगाच्या सामानावर थोडा घसारा, शिवाय १५०० सीसीच्या वरच्या गाडीला २,००० रुपये आपणच भरायचे. सगळं वजा जाता हातात साधारण ७७,०००, खिशातून ५५,०००. इथपर्यंत सगळे हिशोब करतात. पुढचा ‘नो क्लेम बोनस’ कुणी धरत नाही. आमचा ५० टक्के होता. क्लेम घेतला की तो शून्यावर येतो आणि मग वर्षावर्षाने २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० वर जातो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सवलतीआधी ६०,००० धरला, तर पाच नूतनीकरणांत जादा भरायचे ३०,०००, १८,०००, १५,०००, ९,००० आणि ३,०००. बेरीज ७५,०००. गाडीची किंमत उतरत जाते म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. म्हणजे कंपनी ७७,००० देणार आणि जवळपास तेवढेच परत घेणार. मुलगा वही बघून गप्प बसला.

मग सल्ले सुरू झाले. एजंट म्हणाले, “क्लेम घ्यायचाच तर मागच्या दाराचा जुना ओरखडाही यातच दाखवू, कोण बघतंय?” दीर म्हणाले, कुर्ल्याला जुन्या गाड्यांचे बंपर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. शेजारच्यांनी हुबेहूब दिसणारा डुप्लिकेट सुचवला.

तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय व्रतांच्या अतिचारांचा. स्वाध्यायात तो वाचताना वाटतं की ही यादी जुन्या काळच्या व्यापाऱ्यांसाठी असेल. पण बघा, खोटा कागद करणं म्हणजे कूटलेखक्रिया, हा सत्यव्रताचा अतिचार. चोरून आणलेला माल घेणं ते तदाहृतादान, आणि अस्सल म्हणून नकली माल खपवणं ते प्रतिरूपकव्यवहार. हे दोन्ही अचौर्यव्रताचे अतिचार. जुना माल विकणारे सगळे चोरीचाच विकतात असं मुळीच नाही, पण बिल नाही म्हटल्यावर आपल्याला कळणार कसं? एका बंपरपायी तीन अतिचार दारात उभे राहिले. यांनी हसून विचारलं, “मग काय दोरीने बांधून फिरवायची गाडी?”

वारज्याकडे एक मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे मी स्वतः गेले. त्यांनी बंपर उतरवून आतलं दाखवलं. बाहेर दिसतं ते नुसतं प्लास्टिकचं आवरण, त्यामागे फोमसारखा थर आणि त्याच्यामागे धातूचा आडवा बीम. खरा मार तो बीम घेतो. आवरण मुद्दाम मऊ असतं, कारण माणूस आपटलाच तर त्याच्या पायाचं हाड वाचावं. आपण फुटलं म्हणून हळहळतो, पण ते त्याचं कामच आहे. पुढे लोखंडी गार्ड बसवायचा यांचा विचार होता, तोही तिथेच बारगळला. केंद्र सरकारने २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा ठरवलेत. आमच्या गाडीला तो असता तर त्या पोराचा गुडघा नुसता खरचटून सुटला असता का?

मिस्त्रींचा नियम सोपा. बीम वाकला असेल, बसवायचे कान तुटले असतील किंवा चीर रडारच्या समोर असेल तर बदला, कारण तिथे पुट्टीचा जाड थर चढला की रडार नीट बघत नाही. आमचं यातलं काही नव्हतं. त्यांनी आतून त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून चीर सांधली, जाळी बसवली, सेन्सरची खोबण नवी केली. मग घासकाम, प्रायमर, रंग, वरून लॅकर, आणि भट्टीत वाळवणं. तीन दिवस, २१,००० रुपये, पक्कं बिल. हे आम्ही खिशातून भरले. वीतभर चिरेसाठी अख्खा बंपर कचऱ्यात गेला नाही याचं मला पैशांपेक्षा जास्त बरं वाटलं.

राहिलं लायसन्स. मुलाचं म्हणणं, निदान २१,००० त्याने द्यावेत, चूक त्याचीच होती. चूक त्याचीच होती, यात वाद नाही. भरपाई मागायचा रस्ताही आहे. त्याच्या स्कूटरच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळू शकते, त्यासाठी पोलिसांत तक्रार करायची आणि न्यायाधिकरणात दावा लावायचा. मी मुलाला सांगितलं, तो रस्ता धरायचा तर जरूर धर. पण दुसऱ्याचं लायसन्स ड्रॉवरमध्ये ठेवायचा अधिकार पोलिसांना, आपल्याला नाही. आपण एजंटला खोटा कागद करू दिला नाही आणि याचा खरा कागद अडकवून ठेवणार?

दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी मुलानेच फोन करून त्याला बोलावलं. तो आला तो दाराबाहेरच उभा. मुठीत दोन हजार, शंभराच्या नोटा. मुलाने लायसन्स दिलं, पैसे घेतले नाहीत, पण उलट्या दिशेने गाडी घालण्यावरून चांगलं दहा मिनिटं सुनावलं. ते योग्यच केलं, क्षमा म्हणजे काही झालंच नाही असं वागणं नव्हे. मी त्याला सरबत दिलं. त्याने अर्धाच पेला घेतला, पुढची ऑर्डर होती.

रंग चंदेरी मेटॅलिक असल्यामुळे उन्हात नीट निरखलं तर डावा कोपरा किंचित वेगळा दिसतो. विकताना एजंट त्याचे पैसे कापणार, असं मुलगा अजूनही म्हणतो.