पांढऱ्या पिसांआड

युरोप-अमेरिकेतील पक्षीपालक ज्याला ‘बटन क्वेल’ म्हणतात, तो वस्तुतः निळ्या छातीचा चिमुकला लावा. अंड्यातून निघालेले त्याचे पिल्लू जेमतेम भुंग्याएवढे; त्या वयात नर-मादी ओळखू पाहणे व्यर्थच. पाच-सहा आठवड्यांत मूळ रंगाच्या नराच्या गळ्यावर काळी-पांढरी नक्षी उमटते, छाती निळसर व पोट तांबूस होते. मादी तपकिरीच राहते. रुपेरी वाणात नराच्या शेपटीखालची तांबूस छटा बहुधा उपयोगी पडते. पांढऱ्या वाणात मात्र पिसे काहीच सांगत नाहीत. विक्रेत्याने ‘जोडी’ म्हटले म्हणजे जोडी झाली, असे मानणारा ग्राहक नवखाच! घरी नेलेले दोन्ही नर निघाले, तर वयात येताच एकाचे डोके रक्ताळते. म्हणून जाणता पालक त्यांना निरनिराळ्या पिंजऱ्यांत ठेवतो आणि अंडे कोठे दिसते याची वाट पाहतो.