होय म्हणण्यापूर्वी

विश्रांतवाडीतील एका घरात माळ्यावरचा जुना संगणक बऱ्याच वर्षांनी खाली उतरवला गेला. घरातील आजोबा निवृत्त हिशेब तपासनीस. त्यांच्या थोरल्या बंधूंच्या निधनानंतर कपाटात एक फ्लॉपी सापडली होती. तिच्यावर लिहिले होते, ‘आईच्या आठवणी, १९९९’. आईने सांगितलेल्या आठवणी बंधूंनी श्री-लिपीत टंकलिखित केल्या होत्या. कागदावरची प्रत कोणाकडेच नव्हती.

ती श्री-लिपी जुन्या संगणकात होती, पण त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह निकामी झालेला. नातवाने बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत शोध घेऊन एक न वापरलेला ड्राइव्ह आणला व बसवला. संगणक सुरू करताच ड्राइव्हचा दिवा लागला, तो विझेचना. चौतीस तारांची चपटी केबल उलटी जोडली गेली होती. तिची लाल कडा पहिल्या पिनेकडे येताच दिवा विझला.

मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल संपल्यामुळे संगणक आपल्या जोडण्या विसरला होता. नातवाने सेटअपमध्ये जाऊन यादीत ‘साडेतीन इंच’ दिसताच तो पर्याय निवडला. फ्लॉपी आत सरकवली. पडद्यावर प्रश्न आला : ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का?

नातवाचा हात माउसकडे गेला.

“थांब,” आजोबा म्हणाले. “फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. हिशेबात तफावत आली तर आधी नोंद तपासावी. शिल्लक खोडू नये.”

त्यांनी फ्लॉपी बाहेर काढली आणि कोपऱ्यातील लहानशी पट्टी सरकवून छिद्र उघडे केले. आता ड्राइव्हला वाचता येणार होते, लिहिता येणार नव्हते. मग त्यांनी सेटअपची यादी शेवटपर्यंत वाचली. साडेतीन इंचांचे पर्याय एकाहून अधिक होते. निवडला गेला होता ७२० केबीचा. त्या प्रकारात प्रत्येक वर्तुळाकार मार्गावर नऊ खंड असतात, तर या फ्लॉपीवर अठरा. ८० मार्ग, २ बाजू, १८ खंड, प्रत्येकी ५१२ बाइट : एकूण १४,७४,५६०. म्हणजे १.४४ एमबी. चुकीच्या मापाने वाचणाऱ्या यंत्राला भरलेली फ्लॉपी कोरी वाटली होती.

पर्याय बदलला. ड्राइव्ह किंचित कुरकुरला आणि फाइल उघडली. पहिल्याच परिच्छेदात आईच्या माहेरची विहीर होती.

वीज बंद झाली की संगणक हे सारे पुन्हा विसरणार, हे ठाऊक असल्याने दोन प्रती छापून होईपर्यंत तो बंद केला नाही. सायंकाळी आजोबांनी एक प्रत वहिनींच्या हाती दिली. त्यांनी चष्मा पुसला, पहिले पान वाचले आणि म्हणाल्या, “सासूबाई अगदी अशाच बोलत.”